‘आमच्या आजीला कुठं होता थर्मामीटर?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

स्मोकरसाठी, म्हणजे कोळशाच्या मंद धुरावर मांस शिजवायच्या झाकणाच्या भट्टीसाठी, दुरून वाचता येणारा थर्मामीटर कसा निवडावा, यावरच्या माझ्या लेखाचं म्हणणं साधं होतं: वायरचे दोन प्रोब (तापमान मोजणाऱ्या टोकदार सळ्या) आणि सोबत वेगळा रिसीव्हर (आकडा दाखवणारी डबी) असलेला घ्या, निव्वळ ब्लूटूथवर चालणारा नको. त्यावर एका वाचकांनी लिहिलंय, “आमच्या आजीनं जन्मभर चुलीवर मटण केलं, तिला कुठं होता थर्मामीटर? हे पैसेवाल्यांचे चोचले. कमिशन किती मिळतं? माझा बिनवायरचा प्रोब झकास चालतो. आणि तसंही ही यंत्रं खोटीच, उकळत्या पाण्यात माझा ९८ दाखवतो. चार्जिंगचं तर तुम्ही लिहिलंच नाही.”

आधी भाषेबद्दल. मी कुणाकडून एक रुपया घेतलेला नाही. लेखात एकाही कंपनीचं नाव नाही, हे वाचणाऱ्याला दिसलं असतं. लेख पटला नाही तर तसं सांगा, आकडा चुकला असेल तर दाखवा. पण ओळखदेख नसताना माणसाच्या दानतीवर यायचं, ही रीत आमच्या साताऱ्याची नाही. तुमचं प्रोफाइलही इथलंच दिसतंय म्हणून जास्त लागलं.

आता आजी. माझी आई कोरेगावकडची, तीही चुलीवरच मटण करायची. पातेल्यावर ताट झाकून त्या ताटात पाणी ठेवायची आणि रस्सा आटला की तेच तापलेलं पाणी आत ओतायची. मग पळीत एक फोड काढून अंगठ्यानं दाबून बघायची, हाडापासून सुटतेय का ते. तिचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. तेव्हा चुलीवरच्या बायकांना काय कळत होतं हे मला सांगू नका, मी त्याच हातचं खाऊन मोठा झालोय.

पण ती शिजवत होती रश्श्यात. पाणी असेपर्यंत पातेल्यातलं मटण उकळीच्या वर तापूच शकत नाही. जाळ मोठा झाला तरी पाणी लवकर आटतं, एवढंच. तिथं तापमान पाणीच सांभाळतं, बाईला फक्त पाणी आणि वेळ सांभाळायची असते. स्मोकरमध्ये ते पाणी नाही. आत ११० ते १२० अंशांची कोरडी हवा पाहिजे आणि वारं फिरलं किंवा खालची झडप जरा जास्त उघडी राहिली, की ती बघता बघता १६० वर जाते. फोड दाबून बघायची म्हटलं तर झाकण उघडायला लागतं, आणि उघडलं की धूर आणि उष्णता दोन्ही गेली. झाकणावरचा तापमानाचा काटा वरच्या हवेचा आकडा दाखवतो. जाळीवर, जिथं मांस ठेवलंय, तिथं वीस-तीस अंशांचा फरक सहज असतो. म्हणून एक प्रोब जाळीला आणि दुसरा मांसाच्या जाड भागात, हाडाला न टेकवता.

बकऱ्याची अख्खी मांडी लावून बघा. आतला आकडा ६५ ते ७५ च्या मध्ये कुठंतरी अडतो आणि तास तास हलत नाही, कारण वरचा ओलावा उडताना मांसाला गार करत असतो. हे ज्याला ठाऊक नाही तो घाबरून कोळसा घालतो आणि बाहेरून चामडं, आतून चिवट असा प्रकार ताटात येतो. धीर धरून ९० च्या पुढं नेलं की शिरा विरघळतात. कोंबडीचं वेगळं, तिला आत ७४ झाले की उतरवायचं. हे आकडे बोटाला कळत नाहीत. तुमच्या आजीलाही कळले नसते, आणि त्यात तिचा काही कमीपणा नाही.

मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात नोकरी केली. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारे तारेचे सेन्सर, तपासण्यात निम्मं आयुष्य गेलं. तिथले जुने पॅनमन, म्हणजे रस शिजवून साखर पाडणारे कामगार, काचेवर नमुना घेऊन उजेडात साखरेचा दाणा बघायचे. तसली नजर आता बघायला मिळत नाही. पण व्हॅक्यूम आणि तापमानाचे काटे त्यांनी कधी झाकून ठेवले नाहीत. जाणता माणूस दोन्ही बघतो. मला चोचले शिकवण्याआधी एवढं तरी ध्यानात घ्यायचं होतं.

बाकीचं फार बोलण्यासारखं नाही. प्रोब झकास चालतो आणि यंत्रं खोटीही असतात, यातलं एक काहीतरी ठरवा. ९८ म्हणाल तर तो खरंच बोलतोय. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला न्या, ९५-९६ दाखवेल. शंका असेल तर चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या मिश्रणात बुडवा, तिथं शून्य यायला पाहिजे. ब्लूटूथचं म्हणाल तर स्मोकरचा पत्र्याचा ड्रम आणि मध्ये काळ्या दगडाची भिंत आली की फोनवरचा आकडा गोठतो, आणि गोठलाय हे उशिरा कळतं. तुमचा स्मोकर खुर्चीशेजारी असेल, तर चालेल की.

चार्जिंगचा मुद्दा मात्र रास्त. बिनवायरचा प्रोब त्याच्या डबीतच चार्ज होतो आणि त्या डबीलाही चार्जिंग किंवा सेल लागतो. रिसीव्हरलाही सेल लागतातच. ती भर लेखात आजच घातली आहे. ‘कमिशन’ हा शब्द तुम्ही मागे घ्यावा, एवढी माझी अपेक्षा आहे.