गाईचे मागचे पाय

इंग्लंडात येऊन नऊ वर्षं झाली, तरी 'पँटोमाइम' या शब्दाचा अर्थ मला शाळेच्या शब्दकोशातलाच ठाऊक होता : मूकनाट्य. तोंडाला पांढरा रंग फासलेला माणूस, नसलेल्या भिंतीवर हात फिरवतोय. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरात गावच्या नाटकमंडळाच्या दिग्दर्शक बाई दारात उभ्या राहिल्या आणि "आमच्या पँटोत एक छोटीशी भूमिका आहे, कराल का?" म्हणाल्या, तेव्हा मी एवढंच विचारलं, "बोलावं लागेल?"

"एक अक्षरही नाही."

मी लगेच हो म्हटलं. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चा माझा जुना घोळ झाकलेलाच राहणार होता. जाता जाता बाईंनी माझी उंची नजरेनं मोजली आणि विचारलं, "कंबर कशी आहे तुमची?" हवामानाखेरीज शेजाऱ्याला काही न विचारणारी ही माणसं. त्यातलं कुणी कंबरेची चौकशी करतंय म्हटल्यावर मला तिथंच शंका यायला हवी होती.

पहिली तालीम मंगळवारी गावच्या हॉलमध्ये. हा हॉल म्हणजे आपल्याकडचं समाजमंदिर. सकाळी बालवाडी, दुपारी म्हाताऱ्यांचा व्यायाम, रात्री आम्ही. नाटक होतं 'जॅक आणि घेवड्याचा वेल'. गरीब विधवा आई, भोळा मुलगा, घरात एकच गाय. मुलगा ती गाय मूठभर घेवड्याच्या बियांना विकून येतो. पुढे वेल, राक्षस वगैरे. बाईंनी पात्रं वाचून दाखवली. आईच्या भूमिकेत गावातला प्लंबर, सहा फूट दोन इंच. जॅकच्या भूमिकेत जनावरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणारी मुलगी. म्हणजे आई बाप्या, मुलगा बाई. आणि गाय? "गाईत दोघं जण," बाई म्हणाल्या. "पुढे आपले पोस्टमन, अकरा वर्षं पुढेच आहेत. आणि मागे..."

सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

"पण हे मूकनाट्य आहे ना?" मी क्षीण आवाजात विचारलं. तोवर स्टेजवर प्लंबर खर्जात किंचाळत होता, तालमीला आलेली पोरं "तुझ्या मागे आहे, मागे!" म्हणून बोंबलत होती आणि पियानो बडवला जात होता. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला चहाचा कप देऊन शांतपणे समजावलं. एके काळी लंडनात संवादांचं नाटक करायचा परवाना मोजक्याच थिएटरांना असे. बाकीच्यांनी नाच, गाणी, कोलांट्या आणि मुक्या अभिनयावर भागवायचं. १८४३ च्या कायद्यानं ती मक्तेदारी मोडली, आणि तेव्हापासून पँटो जो बोलायला लागला तो आजतागायत गप्प बसलेला नाही. म्हणजे मूकनाट्य बघायला मी पावणेदोनशे वर्षांहून जास्त उशिरा पोचलो होतो. बाईंनी असंही सांगितलं की अल्लादीनच्या आईचं 'विडो ट्वँकी' हे नाव १८६१ पासून चालत आलंय आणि ते एका हिरव्या चहाच्या जातीवरून ठेवलेलं आहे. आपल्याकडे एखाद्या नाटकात आईचं नाव 'गवती चहाबाई' ठेवावं तसं. इतकं ऐकल्यावर गाय व्हायला काय हरकत होती?

आमची गाय कुण्या जुन्या सभासदानं घोंगड्या जोडून शिवलेली. वास डांबरगोळ्यांचा, त्याखाली ओलीचा, त्याखाली पूर्वसुरींचा. पुढच्या माणसाच्या ताब्यात दोन दोऱ्या : एक ओढली की पापण्या फडफडतात, दुसरी ओढली की जबडा हलतो. माझ्या ताब्यात एकच, शेपटीची. शिवाय एक खास जबाबदारी. आई दूध काढायला बसली की आचळांशेजारच्या भोकातून दुधाची भरलेली बाटली बाहेर सरकवायची. हे सगळं काटकोनात वाकून, पुढच्याची कंबर धरून, मिट्ट काळोखात. दिसतं ते फक्त पोस्टमनकाकांच्या पट्ट्याचं बक्कल. तेही मागून नसतंच, म्हणजे काहीच दिसत नाही.

काका माणूस देव. पण तालमीआधी ते रोज रात्री टोस्टवर बीन्स खाऊन यायचे. जॅकनं गाय देऊन घेवडा घेतला. आमच्या गाईच्या पोटात घेवडा आधीच होता. आणि पोटाच्या मागे मी होतो.

नोव्हेंबरात मी रडकुंडीला आलो. साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. वाटलं, ती तरी म्हणेल, सोड बाबा हे, पोटापाण्याला गेलास का गाय व्हायला? आई म्हणाली, "गाय? अरे वा! पुढचा भाग का मागचा?"

"मागचा."

"मग तर चांगलंच की. गाईला नमस्कार मागूनच करतात. लक्ष्मी तिकडंच असते."

लक्ष्मी कुठे असते ते आईला माहीत असेल, तिकडे काय असतं ते मला माहीत होतं. पण आई भलत्याच आनंदात होती. तिनं बातमी वाड्यात, मग भिशीत सांगितली. तिसऱ्या दिवशी मामाचा फोन आला, "तू म्हणे लंडनच्या नाटकात आहेस. हिरो का?" मी म्हटलं, "सहायक भूमिका." ते खोटंही नव्हतं.

खरं सांगायचं तर मला नडत होतं ते वाकणं नव्हे, ओळख पटणं. आमच्या गावच्या जत्रेत तमाशा यायचा आणि आम्हा पोरांना तिकडे फिरकायची बंदी असायची. शिकलेल्या घरची पोरं ना आम्ही! तरी चिंचेच्या झाडावरून जेवढं दिसलं तेवढं आठवत होतं. गौळणींची म्होरकी ती मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला मिशीवाला गडी, मुरडत यायचा आणि समोरच्या पाटलाला नावानं हाक मारून त्याच्या उधारीवरून टोमणे हाणायचा. इथे प्लंबर फुगे घातलेल्या छातीनं यायचा आणि पहिल्या रांगेतल्या ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाला रस्त्यातल्या खड्ड्यांवरून झोडायचा. तीच मुरड, तोच हशा. ज्यासाठी लहानपणी पाठीत धपाटा खाल्ला त्याच्यासाठी आता मी चार पौंडांची वार्षिक वर्गणी भरली होती.

नेम-नियमही आपल्यासारखेच कडक. खलनायक प्रेक्षकांच्या उजव्या हाताच्या विंगेतून, परी डावीकडच्या. चुकून उलट झालं तर अपशकुन. नाटकाच्या शेवटच्या दोन यमकी ओळी तालमीत कुणी म्हणायच्या नाहीत, त्या थेट पहिल्या प्रयोगालाच. एकदा मी उत्साहात म्हणून टाकल्या. अख्खा हॉल गप्प. मी नारळ फोडायची तयारी दाखवली. पण इथे नारळ मिळतो तो जत्रेत चेंडू मारून पाडायचा, फोडायचा नव्हे.

जानेवारीत प्रयोग लागले : गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारी दोन. पहिले दोन धड पार पडले. बाटली वेळेवर आली, शेपटी हलली. काकांनी डाव्या पायानं सुरुवात केली, मी उजव्या. 'विनोदी चाल' म्हणून लोकांनी तीही गोड मानून घेतली.

शनिवार दुपारचा खेळ पोरांचा. शंभरेक पोरं, प्रत्येकाच्या पोटात मध्यंतराआधीच पाव किलो साखर. गाय विकायचा प्रसंग आला. पियानोवर करुण सूर. जॅक गळ्यात पडून रडतोय. मग आम्ही हळूहळू उजवीकडे निघायचं आणि दारात थबकून एकदा मागे वळून बघायचं. काका निघाले. मी निघालो. माझा पाय घेवड्याच्या वेलावर, म्हणजे हिरव्या रंगवलेल्या दोरखंडावर पडला आणि अडकला. काका कलावंत. ते थांबले नाहीत.

खर्रर्र.

आमची गाय मधोमध व्हेल्क्रोनं जोडलेली होती, हे मला त्या आवाजानं कळलं. पुढची अर्धी गाय डोळे फडफडवत विंगेत गेली. मागची अर्धी, म्हणजे मी, काटकोनात वाकलेला, घामानं निथळणारा, चष्मा कपाळावर, हातात दुधाची बाटली, भर उजेडात स्टेजच्या मध्यावर. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मला प्रेक्षक दिसले. हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. मूकनाट्य म्हणतात ते हेच असावं.

मग पहिल्या रांगेतली एक चिमुरडी बोट दाखवून ओरडली, "ही गाय नाहीये! हा माणूस आहे!"

आणि माझ्या तोंडून, देवाशपथ मला न विचारता, पँटोतलं ते ठरलेलं भांडणवाक्य निघून गेलं, "ओ नो इट इझंट!"

शंभर पोरं उभी राहिली. "ओ येस इट इज!"

"ओ नो इट इझंट!"

"ओ येस इट इज!"

कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाला मी भरत नाट्य मंदिरात पडदा ओढायला होतो. 'अरे आव्वाज कुणाचा' ही आरोळी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी दिली. तो आवाज आज पहिल्यांदा माझ्या अंगावर आला, तोही अर्ध्या गाईच्या अंगावर. मी किती वेळ भांडत राहिलो कोण जाणे. शेवटी प्लंबर-आईनं येऊन शेपटीला धरून मला ओढत आत नेलं. त्यावरही टाळी.

रात्रीच्या खेळाआधी बाई येऊन म्हणाल्या, "व्हेल्क्रो शिवून टाकू नका. ते तसंच ठेवा." पोस्टमनकाका दाराशी उभे होते. सतरा वर्षांची सेवा, आधी सहा मागे मग अकरा पुढे, आणि टाळी कुणाला, तर मागच्या पायांना. रात्री ते गाईत माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. पावलांची मोजणीसुद्धा मनातल्या मनात केली. बीन्स मात्र खाऊन आले होते, आणि मला वाटतं, जरा जास्तच.

गाय धुवायचं काम परंपरेनं मागच्या पायांकडे. रविवारी मी तिला मोटारीच्या मागच्या सीटवर बसवून, पट्टा लावून घरी आणली आणि बाथटबमध्ये भिजत घातली. तेवढ्यात आईचा फोन. बायकोनं हौसेनं तिला टबातली गाय दाखवली. पलीकडून पाच सेकंद काही ऐकू आलं नाही.

"अगं, दारात आलेली गाय तशीच पाण्यात घातलीत? आधी हळदकुंकू लाव तिला!"

बायकोनं निमूट देव्हाऱ्यातलं कुंकू आणलं. हळद थोडी जास्तच लागली.

परवा गोठा, म्हणजे स्टेजखालचं कपाट, आवरताना बाईंनी गाईचं मुंडकं दिव्याखाली धरलं. "कपाळावर हा डाग कसला?" मी म्हटलं, "मेकअप." त्यांनी स्पंजानं घासून पाहिलं, मग साबणानं. हळद ती. पिवळा गोल फक्त लाल आणि आणखी थोडा मोठा झाला.