मावशी गेली त्याची गोष्ट

मला झुपकेदार मिशी आहे, माझं वजन ९२ किलो आहे आणि मी रडका आहे. पहिल्या दोन गोष्टी बाबांकडून आल्या, तिसरी आईकडून.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ लागला, तेव्हा घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून आई मला बरोबर घेऊन गेली. मी आठ वर्षांचा. पडद्यावर अलका कुबल रडायला लागली की थिएटरभर पदर डोळ्यांना लागायचे. मला पदर नव्हता, म्हणून मी आईचा घेतला. पलीकडच्या काकू ड्रेस घालून आल्या होत्या, त्यांनीही आईचाच घेतला. मध्यंतरात आईने तो पिळला होता, असं बाबा सांगतात. पण ते आत आलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

पुढे १३ मार्च १९९६. विश्वचषकाची सेमीफायनल, ईडन गार्डन्स. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, सामना थांबला, श्रीलंकेला विजयी ठरवलं आणि विनोद कांबळी रडत परतला. इकडे मीही सुरू झालो. बाबा म्हणाले, “तो खेळून रडतोय. तू कशाला?” याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

उघडपणे, चारचौघांत रडायची सोय आयुष्यात एकदाच झाली. १६ नोव्हेंबर २०१३, शनिवार. बँक अर्धा दिवस. टीव्हीवर वानखेडे, आणि सचिन हातात यादी घेऊन एकेकाचे आभार मानतोय. मग तो एकटाच खेळपट्टीपाशी गेला, वाकून तिला हात लावला, तो हात कपाळाला लावला. आमच्या कॅशियरने नोटा मोजणं थांबवलं. साहेब चष्मा पुसायला केबिनमध्ये गेले ते बाहेरच येईनात. पासबुक भरायला आलेले एक आजोबा काउंटरवरून म्हणाले, “राहू दे रे, सोमवारी येतो.” इतका सुखाचा कामाचा दिवस मी पुन्हा पाहिला नाही.

एरवी मात्र ‘डोळ्यात कचरा गेला’ यावरच माझा संसार चाललाय. आमच्या घरात इतका कचरा आहे का, असं बायको पाहुण्यांसमोर विचारते.

खरा घोटाळा झाला तो ३१ ऑक्टोबर २०२५ ला. आदल्या रात्री नवी मुंबईत, महिला विश्वचषकाच्या सेमीफायनलमध्ये, आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाचे ३३८ पार केले होते. सकाळी डोंबिवलीहून फास्ट लोकलमध्ये एका पायावर उभा राहून मी मोबाइलवर तेच परत बघत होतो. जेमिमा रॉड्रिग्ज, नाबाद १२७. शतक झालं तरी तिने बॅट उंचावली नव्हती. सगळं शेवटच्या धावेपर्यंत साठवून ठेवलं होतं आणि मग ती जी रडली! मिशी भिजली. नाकातून आवाज आला.

आमच्या गाडीत माणूस चक्कर येऊन पडला तरी जागा मिळेलच असं नाही, कारण पडायलाही जागा नसते. पण त्या दिवशी खिडकीजवळचा भजनी ग्रुप एकदम सरकला आणि मला तिघांच्या बाकावरची काठावरची चौथी नव्हे, तिसरी सीट मिळाली. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. टाळ वाजवणारे नाना हळूच म्हणाले, “कोण गेलं?”

आता काय सांगू? कोणी गेलं नाही हो, आपण जिंकलो? तिसरी सीट डोळ्यांसमोरून, खरं तर बुडाखालून, जाताना दिसली. मी म्हणालो, “मावशी.”

मुलुंड ते दादर भजन बंद. त्यात मला अपराधी वाटून आणखी रडू आलं, आणि मावशीवर माझा किती जीव होता ते सगळ्यांना पटलं.

रविवारी मध्यरात्री हरमनप्रीतने मागे धावत शेवटचा झेल घेतला. विश्वचषक आपला! नंतर मुलींनी तो निवृत्त झालेल्या झुलन गोस्वामीच्या हातात दिला आणि झुलन ढसाढसा रडली. सोमवारी सकाळी माझा मोबाइल, माझी मिशी, तीच गाडी.

नाना बसल्या जागी उठून उभे राहिले. “अरेरे! यजमान का?”

मी मान हलवली. बोलण्याच्या स्थितीत नव्हतोच.

संध्याकाळी गिरगावात मावशीकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं, म्हणाली. तिचा राग वेगळाच होता.

“हे २००९ सालीच गेले. त्यांना दुसऱ्यांदा कशाला मारलंस?”

मी गप्प. नाना तेराव्याचा पत्ता विचारत होते, तेही सांगून टाकलं.

मावशीने थोडा विचार केला. “जेवायला श्रीखंड नको ठेवूस,” म्हणाली, “मला खोकला झालाय.”