हॉल भाड्याने द्या, पण मुलांना हाकलून नव्हे!

मुलांच्या कार्यक्रमांसाठी पैसे हवेत म्हणून हॉल भाड्याने द्यायचा, आणि हॉल भाड्याने गेला म्हणून मुलांचा कार्यक्रम रद्द करायचा! हे कुठलं शहाणपण? आमच्या इथल्या वाचनालयात वर्षभर हेच चाललंय. आता सहन होत नाही.

सभेत ठराव आला तेव्हा सगळ्यांनी एकमताने मान्य केला, कारण शब्दच तसा दिला होता. भाड्याच्या पैशातून मुलांसाठी गोष्टींचा तास, ज्येष्ठांसाठी व्याख्यानं, अभ्यासिकेला नवे पंखे. आज शनिवार-रविवारी हॉल रिकामा सापडेल तर शपथ! साखरपुडा, बारसं, साड्यांचा सेल, कुठल्या तरी ‘घरबसल्या कमवा’वाल्यांचं सेमिनार. ठाण्यात बाहेर हॉल घ्यायचा तर भाडं ऐकूनच माणूस मागे फिरतो, तेव्हा आमच्या स्वस्त हॉलवर उड्या पडणारच. पण मुलांनाही सुट्टी त्याच दिवशी असते ना?

गेल्या रविवारी गोष्टींचा तास जिन्याखाली झाला. एका बाजूला केटररची भांडी, दुसऱ्या बाजूला स्कूटर. गोष्ट सांगणाऱ्या बाई एक पैसा न घेता येतात, त्या घसा ताणून बोलत होत्या आणि वर कुणीतरी ‘हॅलो, माइक चेक’ करत होतं. एक लहानगी कानामागे हात धरून ऐकत होती. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अभ्यासिकेच्या दारावर तर सरळ कागद डकवलेला: ‘आज दुपारी 1 नंतर बंद.’ आदल्या दिवशी सांगायची तसदी नाही. एमपीएससीची पोरं मांडीवर पुस्तकं घेऊन पायऱ्यांवर बसली होती. वागळे इस्टेट, किसननगरच्या एका खोलीच्या घरांतून येतात ती. घरी पुस्तक उघडायला कोपरा नाही म्हणूनच महिन्याची फी भरून येतात, आणि त्यांनाच बाहेर काढायचं?

पैशांची ओढाताण मलाही कळते. आपला ग्रंथालय कायदा 1967 चा, पण त्यात ग्रंथालय उपकर नाही. कर्नाटक, तामिळनाडू, केरळमध्ये तो मालमत्ता करासोबत वसूल होतो. आपल्याकडे अ, ब, क, ड दर्जाप्रमाणे मिळणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून बसायचं, आणि त्यातून पगार, वीजबिल, पुस्तकं सगळं भागवायचं. म्हणून हॉलचं भाडं घ्या, खुशाल घ्या. पण ते पैसे गेले कुठे? वार्षिक अहवालात ‘इतर उत्पन्न’ अशी एक ओळ, बस्स. साखरपुडे किती, सेल किती, काही पत्ता नाही. व्याख्यानं बंद पडली आहेत. पंखे तेच जुने, खडखडणारे. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचा बॅनर लागतो, हार घालून फोटो निघतो, की झालं. विचारलं तर कार्यकारिणीतले एक काका म्हणतात, ‘अहो, संस्था चालवायची असते.’ कुणासाठी चालवायची, हे त्यांनीच सांगावं!

याच ठाण्यात 1893 साली वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं. लोकांनी वाचावं म्हणून केलं. त्या गावात आज मुलांना गोष्ट ऐकायला जिन्याखालची जागा मिळते, याची लाज वाटायला नको?

मागणी काही अवघड नाही. महिन्यातले दोन रविवार मुलांच्या नावाने आधी राखून ठेवा, मग उरलेल्या तारखा विका. अभ्यासिकेच्या वेळेत स्पीकर वाजणार नाही, हे बुकिंगच्या पावतीवरच छापा. भाडं किती आलं आणि कशावर खर्च झालं, ते दर महिन्याला फलकावर लावा, वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी, सगळ्यांना दिसेल असं. यंदाच्या सर्वसाधारण सभेत मी हे तिन्ही मुद्दे लेखी देणार आहे, आणि इतिवृत्तात उत्तर नोंदवल्याशिवाय खाली बसणार नाही.