निळ्या उजेडात सगळं दिसतं, मग लॅब कशाला? अहो, थांबा जरा

"कोलोनोस्कोपीच्या नवीन कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतड्यातला पॉलिप कॅन्सरचा आहे का ते तिथल्या तिथे कळतं, तरी लॅबला पाठवतात, निव्वळ लूट." हा मेसेज घरच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला, म्हणून आता लिहितोच. कोलोनोस्कोपी म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं, आणि पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर आलेली गाठ.

आधी ते बटण. एनबीआय, म्हणजे नॅरो बँड इमेजिंग, म्हणतात त्याला. दाबलं की पांढऱ्या उजेडाऐवजी फक्त निळा आणि हिरवा उरतो, साधारण ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा. हिमोग्लोबिन नेमका हाच उजेड शोषून घेतं, त्यामुळे वरवरच्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी होऊन ठळक दिसतात. बटणाचं काम संपलं. पुढे रंग, रक्तवाहिन्या आणि पृष्ठभागाची नक्षी बघून पॉलिप नाईस नावाच्या वर्गीकरणातल्या टाइप १, २ की ३ मध्ये बसतो हे डॉक्टरच्या डोळ्यांनी ठरवायचं. त्यात पोट नीट साफ झालेलं नसेल तर आणखी गंमत, पित्ताचं पिवळं पाणी या उजेडात लाल दिसतं, नवख्याला वाटतं रक्तच वाहतंय.

"कॅन्सरचा आहे का ते कळतं" हेही अर्धवट. टाइप १ बहुतेक निरुपद्रवी, टाइप २ म्हणजे अ‍ॅडिनोमा, जो आज कॅन्सर नाही पण काही वर्षांनी होऊ शकतो, आणि टाइप ३ म्हणजे खोलवर गेलेल्या कॅन्सरचा दाट संशय. आणि खरी गोची सेसाइल सेरेटेड पॉलिपची. चपटा, फिकट, कडा धूसर, वर चिकट शेंबडासारखा थर, पाण्याने धुतला तरच खाली काहीतरी आहे हे लक्षात येतं. याला नाईसमध्ये वेगळा खानाच नाही, दिसतो टाइप १सारखा आणि तरी पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. म्हणून तर २०१६ मध्ये वास्प नावाचं वेगळं वर्गीकरण आणावं लागलं.

लूट म्हणाल तर पॉलिप बहुतेक वेळा तारेच्या फासाने आख्खाच काढलेला असतो, लॅबसाठी वेगळं काही कापत नाहीत. कापलेल्या कडा रोगापासून मोकळ्या आहेत का, कॅन्सरच्या पेशी असतील तर किती खोल गेल्यात, हे लॅबमध्येच कळतं, कॅमेऱ्यातून ते पक्कं सांगता येत नाही. मोठ्या चपट्या पॉलिपचा आधी नुसता तुकडा घेणं मात्र टाळतात, कारण तिथे वण धरला की नंतर आख्खा काढणं अवघड जातं.

आता मेसेजमध्ये खरं काय आहे तेही सांगतो. ५ मिलिमीटर किंवा त्याहून छोट्या पॉलिपमध्ये कॅन्सर निघणं फार दुर्मिळ, त्यामुळे असे पॉलिप काढून लॅबला न पाठवता टाकून द्यावेत, आणि गुदाशयाजवळचे टाइप १वाले काढूच नयेत, हा विचार गंभीरपणे झालाय. अमेरिकेतल्या एएसजीई या एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने २०११ मध्ये त्यासाठी अट घातली, किमान ९० टक्के अचूकपणा हवा. निष्णात डॉक्टर तो गाठतात. पण २०१७ चा डिस्कार्ड २ हा ब्रिटिश अभ्यास साध्या हॉस्पिटलांत झाला आणि तिथे हे जमलं नाही, निष्कर्षच असा निघाला की स्पेशालिस्ट सेंटरच्या बाहेर रोजच्या कामात यावर विसंबू नका. मेसेजवाल्याने निष्णातांचे मार्क सगळ्या वर्गाच्या नावावर खपवलेत.

आणि पुढची कोलोनोस्कोपी कधी, हेही त्या लॅबच्या कागदावरच ठरतं. अमेरिकेतल्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे १० मिलिमीटरपेक्षा छोटे एक-दोन साधे अ‍ॅडिनोमा असतील तर ७ ते १० वर्षांनी, पाच ते दहा असतील तर ३ वर्षांनी. मेसेज पाठवणाऱ्या काकांना विचारलं, तुमचा पॉलिप कुठला होता? म्हणाले, रिपोर्ट आणायचा राहिलाय.