रात्रीचा हिशोब, दिवसाचा कोण करणार?

'दशावतारातल्या वादकाला रात्रीचे चार-पाच तास वाजवले की झालं' हे दशावतारावरच्या, म्हणजे कोकणातल्या आमच्या रात्रीच्या लोकनाट्यावरच्या, लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. मी कुडाळ तालुक्यात बारा वर्षं मृदंग वाजवतोय. धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, रात्री उशिरा उभा राहतो आणि उजाडेपर्यंत चालतो. नट तरी आत जाऊन बिडी ओढून येतो. पेटीवाला आणि मी आडदशावतारापासून, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागापासून, शेवटच्या युद्धापर्यंत जागचे हलत नाही. पहाटे टेंपोत सामानाच्या पेटाऱ्याला टेकून झोप, आणि संध्याकाळी पुढच्या गावची जत्रा.

मानधनाचं म्हणाल तर रात्रीचे १,२०० ऐकायला बरे वाटतात, पण ते कार्तिकापासून मे महिन्यापर्यंत. मिरगाचा पाऊस लागला की नाटक बंद. भाद्रपदात गणपतीची भजनं आणि डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, असते, त्यात एकेका दिवशी तीन-तीन घरं होतात, तेवढाच हात ओला. मधल्या दोन महिन्यांत मी लोकांच्या शेतात लावणीला जातो. तेव्हाच बोटांची वाट लागते. चिखलात भिजून मऊ पडलेली बोटं चामड्यावर मारली की कातडी सोलते. त्यात दमट हवेने मृदंगाचं पान, म्हणजे तोंडावरचं चामडं, सैल पडून सुरात उतरतं, ते ताणायला लाकडी गठ्ठे ठोकून ठोकून जीव जातो. पान बदलायचा खर्च खिशातूनच, नाटक कंपनी देत नाही. नारळ आणि शाल मात्र दरवर्षी मिळते. घरात सात शाली आहेत.