शेवटचा दिवस ‘फुकट घालवला’ म्हणणाऱ्या पालकांना

‘एक पालक, हिंदवाडी’ एवढीच सही आहे, म्हणून साहेब म्हणतो. चालवून घ्या.

बेळगावातून गेलेल्या आमच्या इटलीच्या सहलीवर मी जे लिहिलं त्यावर तुम्ही चांगलंच झापलंय. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. आर्किटेक्चरच्या पोरांना एवढ्या लांब नेलं, आई-बापांनी कर्ज काढून पैसे भरले आणि शेवटच्या दिवशी रोमसारखं शहर सोडून त्यांना दोन तास रेल्वेत बसवून कासिनो नावाच्या गावी दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कबरी बघायला नेलं. रात्री विमान, आणि सकाळी हा आगाऊपणा. गाडी चुकली असती तर? खरेदीला वेळ दिला नाही. ज्यांची नावं बघायला गेलात ते इंग्रजांचे पगारी नोकर. आणि निम्मी पोरं कन्नड, त्यांना मराठा पलटणीशी काय देणंघेणं? जाता जाता असंही म्हणालात, की व्हॅटिकनवर चार ओळी आणि कबरस्तानावर चार पानं, हा कुठला न्याय?

या शेवटच्याचं आधी सांगून टाकतो. व्हॅटिकनवर मराठीत इतकं लिहून झालंय, की माझी भर पडून त्याला काही होणार नाही.

आता शेवटचा दिवस. परदेशातल्या ग्रुप टूरचा शेवटचा दिवस कसा असतो ते एकदा बरोबर जाऊन बघा. आदल्या रात्री लटकवायचा काटा या खोलीतून त्या खोलीत फिरत असतो. कुणाची बॅग तेवीस किलोच्या वर गेलेली, कुणी हँडबॅगेत ऑलिव्ह तेलाची बाटली घातलेली, तिला समजवायचं की एवढी मोठी बाटली केबिनमध्ये नेताना अडवू शकतात बाई, ती खालच्या बॅगेत टाक. म्हणजे खालची बॅग परत जड. सकाळी दहाला खोल्या सोडायच्या, विमान रात्री दहाचं. मधले बारा तास काय करायचं? टूरवाल्यांच्या कागदावर तिथं ‘मोकळा वेळ’ असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात पोरं हॉटेलच्या लॉबीत चार्जरच्या भोवती बसतात. कोलोसियमला जायचं तर वेळेची तिकिटं आधीपासून लागतात, आणि ते आमचं बघून झालेलं. स्पॅनिश पायऱ्यांवर जाऊन नुसतं बसावं म्हटलं तर २०१९ पासून तिथं बसायला बंदी आहे, दंडाची सुरुवात अडीचशे युरोपासून. त्रेवीच्या कारंज्यात नाणी टाकून झालेली. राहिली दुकानं. तुम्ही ज्याला ‘रोममधला दिवस’ म्हणता तो टर्मिनी स्टेशनच्या आसपास मॅग्नेट आणि कीचेनचे भाव विचारत गेला असता.

खरेदी झाली ओ पोरांची. आदली अख्खी संध्याकाळ त्यासाठीच दिली होती. इटलीत परदेशी पाहुण्याला कर परत मिळायला एका दुकानात सत्तर युरोच्या वर खरेदी लागते. आमच्यातलं कुणी तिथपर्यंत पोचलं नाही यावरून काय ते समजा.

गाडीचं. हा तुमचा मुद्दा मला रास्त वाटला, म्हणून नीट सांगतो. टर्मिनीवरून कासिनोला साध्या पॅसेंजर गाड्या जातात, दिवसभर जातात. इटलीत धोका असतो तो संपाचा. पण तिथले रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरलेल्या गाड्या सोडाव्याच लागतात. त्या दिवशी संप नाही हे आम्ही आधीच बघून ठेवलं होतं. सामान हॉटेलच्या सामान ठेवायच्या खोलीत कुलपात. सकाळी उजाडताच निघालो, दुपारी परत फिरलो. एक गाडी चुकली असती तर पुढची, ती चुकली असती तर त्याच्या पुढची, एवढी सवड धरली होती. टर्मिनीवरून विमानतळाची थेट गाडी बत्तीस मिनिटांत पोचवते. विमानतळावर आम्ही इतके आधी पोचलो की काउंटरच उघडला नव्हता. बेळगावातून मुंबईला विमान पकडायला निघतो तेव्हा कराड ते सातारा रस्त्याच्या कामात जी धाकधूक होते, तिच्या पावपटही नव्हती.

(कासिनो हे नाव ऐकून गोव्यातल्या मांडवीवरच्या जुगाराच्या बोटी डोळ्यांसमोर आलेल्या काही पालकांनी रात्री फोन केले होते, ते वेगळं.)

आणि जबरदस्ती कुणावर नव्हती. ज्यांना रोममध्येच राहायचं होतं त्यांच्याबरोबर आमच्या एक मॅडम थांबल्या. हे मूळ लेखात आहे, तुमच्या नजरेतून सुटलं असेल.

आता ‘कबरीच बघायला’ याबद्दल. ही आर्किटेक्चरची पोरं. रोममध्ये आम्ही फोरममध्ये टायटसच्या कमानीखाली बराच वेळ काढला होता. त्या कमानीची १८२१ साली डागडुजी झाली. वालादिए नावाच्या वास्तुविशारदानं पडलेले भाग नव्यानं बसवले, पण संगमरवरात नाही, ट्रॅव्हर्टाइन दगडात. जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे बघणाऱ्याला कळावं म्हणून. आता कासिनोला काय आहे बघा. डोंगरावर संत बेनेडिक्टचा मठ, साधारण ५२९ सालापासूनचा. १५ फेब्रुवारी १९४४ ला अमेरिकन विमानांनी तो पाडला. युद्धानंतर तो होता तसाच्या तसा परत बांधला, आणि १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी तिथं येऊन तो पुन्हा पवित्र केला. म्हणजे टायटसच्या कमानीच्या अगदी उलट धोरण. आणि पायथ्याचं गावही त्याच युद्धात भुईसपाट झालेलं; ते मात्र काँक्रीटमध्ये, सरळसोट, कुठल्याही तालुक्याच्या गावात शोभेल असं नवं उभं केलंय. जुनं जपायचं कसं, याची तीन उत्तरं. एक रोममध्ये, दोन इथं. हे वर्गात फळ्यावर शिकवायला मला एक सेमिस्टर लागतं. परतीच्या गाडीत एका मुलीनं विचारलं, ‘सर, उद्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचा एखादा खांब पडला तर कुठल्या पद्धतीनं उभा करायचा?’ बेळगावच्या किल्ल्यातलं १२०४ सालचं जैन मंदिर म्हणजे ती बस्ती, आमच्यातल्या निम्म्यांनी शाळेच्या सहलीत बघितलेली आणि नंतर कधी न गेलेली. त्यावर वाटेतलं फ्रोसिनोने स्टेशन येईपर्यंत भांडणं चालली. मी मध्ये पडलो नाही.

मठावर चढायला वेळ नव्हता. युद्धस्मशान खाली सपाटीवर आहे, स्टेशनवरून वीसेक मिनिटं चालत. तिथं उभं राहिलं की डोक्यावर तो मठ दिसतो, आणि खालून वर चढत येणाऱ्या माणसावर तिथून गोळी झाडणं किती सोपं होतं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. चार हजारांवर कबरी, गवत कात्रीनं कापल्यासारखं. मागच्या बाजूला आपल्या सैनिकांच्या. हिंदू सैनिकाच्या शिळेवर सगळ्यात वर देवनागरीत कोरलंय: ‘ॐ भगवते नमः’. इटलीभर आठवडा काढून, सगळीकडे रोमन अक्षरं वाचून कंटाळलेली पोरं त्या अक्षरांपाशी थबकली. त्यांनी मोबाइल खिशात घातले असं लिहायचा मोह होतोय, पण नाही, उलट सगळ्यांनी फोटोच काढले.

ज्यांची कबर नाही त्यांची नावं तळ्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवरी उभ्या शिळांवर आहेत. चार हजारांहून जास्त. पलटणीनुसार लावलेली, पलटणीत हुद्द्यानुसार. दाराशी एका छोट्या कपाटात नोंदवही असते, तिच्यात बघून शिळा शोधायची. आम्ही शोधत होतो पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक मिळालेले.

घाडगे मूळचे रायगड जिल्ह्यातले, पळसगावचे. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्या सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला, उरले एकटे. ते सरळ मशीनगनवर धावले, ग्रेनेड टाकून ती मशीनगन आणि तिचा गनर उडवला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून राहिलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. त्यानंतर शत्रूच्या स्नायपरनी त्यांना टिपलं. वय बावीस. म्हणजे आमच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांएवढं. लढले ते वर, रोमच्या उत्तरेच्या उंब्रिया प्रांतात. तिथल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांचं स्मारक उभारलंय. पण ते डोंगरातलं गाव, विमानाच्या दिवशी जाऊन येण्यातलं नाही. देह सापडला नाही, म्हणून नाव कासिनोच्या शिळेवर. आपल्या कॅम्पातल्या मराठा सेंटरवरून, म्हणजे मराठा पलटणीच्या प्रशिक्षण केंद्रावरून, रोज जा-ये करणाऱ्या पोरांनी हे नाव आधी ऐकलेलं नव्हतं. सेंटर बेळगावात १९२२ पासून आहे. रोमला येणाऱ्या लाखो लोकांत या शिळेपाशी जायला ज्यांच्याकडे काही कारण आहे असे किती असतील? आमच्याकडे होतं. शेवटचा दिवस मी त्याला दिला, कारण बाकीचे सगळे दिवस इतर सगळे करतात तेच आम्ही केलं होतं.

आता ‘इंग्रजांचे पगारी नोकर’. साहेब, हा प्रश्न तुमच्या आधी आमच्या एका मुलीनं गाडीतच विचारला, आणि तुमच्यापेक्षा धारदार विचारला. ती म्हणाली, त्याच जुलैत तिकडं इम्फाळवरून आझाद हिंद सेना माघार घेत होती. मग देशासाठी लढणारे कोण? हे इथले की ते तिथले? त्यावर माझ्याकडे दोन वाक्यांचं उत्तर नव्हतं, आजही नाही. एवढं मात्र सांगतो. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेलं आणि त्यात सक्तीची भरती नव्हती. पोरं पोटासाठी गेली. जमिनीचे तुकडे पडलेले, पाऊस आला तर आला, घरात एक जण पलटणीत असला की महिन्याला मनीऑर्डर येते, हा हिशोब कोकणात होता, देशावर होता, आपल्या खानापूर-चंदगड पट्ट्यात होता. भरती असते तेव्हा सेंटरच्या आसपास रात्री फुटपाथवर डोक्याखाली बॅग घेऊन झोपलेली पोरं तुम्हीही बघितली असतील. तीही पगारासाठीच येतात. त्यांना कुणी तोंडावर पगारी नोकर म्हणून दाखवावं. १९४४ साली निशाण कुणाचं होतं यावर जरूर भांडू, इंग्रजांनी या पोरांना न विचारता युद्धात ओढलं हेही खरं. पण त्या भांडणाचा खर्च बावीस वर्षांच्या नाइकाच्या नावावर टाकू नका. आणि उदोउदो आम्ही केला नाही. हार नाही, घोषणा नाही. नाव शोधलं, वाचलं, भेटीच्या वहीत बेळगाव लिहिलं.

राहिली कन्नड पोरं. इथं मला थोडं हसू आलं, रागावू नका. शिळेवरच्या हुद्द्यांचा उलगडा आमच्यात एकालाच करता येत होता. तो बैलहोंगलकडचा, घरी कन्नड बोलणारा. त्याचे अज्जा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. या रेजिमेंटमध्ये कर्नाटकातली पोरंही आहेत, हे तुम्हाला ठाऊक नसेल असं वाटत नाही. तो शिळेवर बोट ठेवून सांगत होता: हा सुभेदार, हा जमादार, म्हणजे आताचा नायब सुभेदार, मग हवालदार, नाईक, लान्स नाईक. पाटील, देसाई आडनावांची आमची मराठी पोरं वहीत उतरवून घेत होती. मध्येच त्याला अडलं की तो कन्नडमध्ये स्वतःशी पुटपुटायचा. घाडग्यांचं नाव त्यालाच पहिल्यांदा दिसलं, कारण नाईक हुद्दा कुठं सुरू होतो हे त्याला कळत होतं. मराठी-कन्नड हा वाद बेळगावात आपण रोजच जगतो, पाट्यांपासून बसपर्यंत. पण मराठा पलटण फक्त मराठी बोलणाऱ्यांची, हे गणित पलटणीलाच मान्य नाही.

नंतर स्टेशनबाहेरच्या बाकांवर डबे उघडले. कडक भाकरी आणि शेंगाचटणी एकीच्या आईनं एवढी बांधून दिली होती, की शेवटच्या दिवसापर्यंत पुरली. पास्ता बघितला की पोरं तोंड फिरवायच्या अवस्थेला आली होती, त्यामुळे त्या भाकरीचे तुकडे सोन्यासारखे वाटले गेले. हे मूळ लेखात नव्हतं, तुम्ही ‘उपाशी फिरवलं’ असंही कुठंतरी म्हटलंय म्हणून लिहितो.

कर्ज काढून पैसे भरणाऱ्या आई-बापांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. आमच्यात वडगावच्या मागवाल्याची मुलगी होती, उद्यमबागच्या फाउंड्रीत कामाला असणाऱ्याचा मुलगा होता. त्या दिवसाचा जादा खर्च म्हणजे पॅसेंजर गाडीचं जाण्यायेण्याचं तिकीट. स्मशानात शिरायला पैसे पडत नाहीत. सगळ्या सहलीतला सगळ्यात स्वस्त दिवस तोच, हिशोबाचा कागद कॉलेजच्या ऑफिसात लावलाय, येऊन बघा.

आणि तुमच्या सहीवरून वाटतं की तुमचं कुणी पुढच्या बॅचमध्ये असावं. असेल तर या वेळी फॉर्मवर शेवटच्या दिवसाचा वेगळा रकाना आहे. त्यात ‘शहरातच थांबणार’ असं लिहून सही करून द्या. मॅडम थांबतात.