तुमच्या जीपचा पत्रा आम्ही का कापला नाही

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. १९७२ ची महिंद्रा सीजे-थ्रीबी तुम्ही आमच्याकडे गाण्यांचा सेट आणि स्पीकर बसवायला दिलीत. सांगितल्यापेक्षा जास्त दिवस लागले, बिलात स्पीकरपेक्षा वायरिंगचा आकडा मोठा निघाला, मागे सहा बाय नऊ इंची स्पीकर बसवायला आम्ही सरळ नकार दिला, हायवेला बेस ऐकू येत नाही आणि एकदा बॅटरीही उतरली, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी ‘यांना जुन्या जीपमधलं काही कळत नाही’ असंही एक वाक्य आहे. उत्तर तुम्हालाच देतोय, पण जुनी जीप हौसेनं उभी करून तिच्यात गाणी ऐकायची इच्छा असलेल्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नकाराचं बोलतो, कारण त्यावर मी आजही ठाम आहे.

गाडी दुकानात आली त्याच दिवशी तुम्ही म्हणाला होतात की पुढेमागे हिची व्हिंटेज नोंदणी करायची आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यात व्हिंटेज गाडीची व्याख्या स्पष्ट दिलेली आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेली, मूळ रूपात ठेवलेली, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल न केलेली गाडी. आधीपासून नोंदणी असेल तर जुना नंबरही ठेवता येतो. तुमची गाडी वयानं बसते. इंजिनही मूळचं पेट्रोल हरिकेन आहे, आणि याला किती किंमत आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडच्या बहुतेक हाय बॉनेट जीपांमध्ये मधल्या काळात डिझेल इंजिनं बसवली गेली. ज्या बॉनेटची उंचीच या इंजिनामुळे वाढवावी लागली, त्याच्याखाली तेच इंजिन आजही चालू असलेली गाडी फार क्वचित दिसते. अशा गाडीच्या मागच्या चाकांवरच्या पत्र्याला ग्राइंडर लावून वीतभर लांबीची दोन भोकं पाडायची, हे माझ्या हातून होणार नाही. नियम नसता तरी झालं नसतं. कापलेल्या कडेला कितीही रंग मारा, खालून चाक चिखल मारतं, पावसाळ्यात पाणी मारतं, आणि दुसऱ्या वर्षी तिथे गंजाचा पापुद्रा सुटायला लागतो. आंबोली, गगनबावड्याकडे फिरणाऱ्या गाड्यांचे असे पत्रे आमच्याकडे वेल्डिंगला येतात, म्हणून सांगतोय.

आणि पत्रा कापूनही तुम्हाला बेस मिळाला नसता. हे जरा समजावून सांगतो.

स्पीकरचा कोन, म्हणजे समोरचा हलणारा पडदा, पुढे सरकला की समोरच्या हवेवर दाब येतो आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या पुढच्या-मागच्या हवेला एकमेकींत मिसळू दिलं की खालचे सूर तिथल्या तिथे संपतात. बंद गाडीत दरवाजाची पोकळी किंवा डिकी त्या दोघींना वेगळं ठेवते. तुमच्या जीपला डिकी नाही, दरवाजे कापडी, आणि चाकावरचा पत्रा एकेरी. त्यात बसवलेल्या स्पीकरची पाठ थेट टायरसमोर उघडी पडली असती. सहा बाय नऊ असो नाहीतर बारा इंची असो, मागे बंद पेटी नसेल तर ढोलाचा ठोका ‘टप’ असाच ऐकू येणार.

त्यात हायवे. साठच्या वेगाला हूडचं कापड फडफडतं, मोठ्या नक्षीचे टायर गरगरतात, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांची घरघर पायाखालून येत असते. हा सगळा आवाज खालच्याच सुरांतला, त्यामुळे गाण्यातला बेस सगळ्यात आधी झाकला जातो आणि गायकाचा आवाज मात्र ऐकू येत राहतो. तुम्ही नेमकं हेच लिहिलंय.

वॅट वाढवा, असं तुम्ही फोनवर म्हणालात. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. याउलट उघड्या जागेत स्पीकर निम्म्या अंतरावर आणला तर एकही वॅट न वाढवता ६ डेसिबल मिळतात. म्हणून आम्ही साडेसहा इंची स्पीकर दोन बंद पेट्यांत घालून डॅशबोर्डखाली, तुमच्या गुडघ्यांच्या बाजूला बसवले. पेट्या गाडीच्या आधीच्याच बोल्टच्या भोकांवर क्लॅम्पने धरल्यात. स्पीकर बोटीत वापरतात त्या जातीचे आहेत. कोन प्लास्टिकचा आहे, कडा उन्हाने तडकत नाही, पाणी उडालं तर पुसून घ्यायचं. कागदी कोनचे स्पीकर निम्म्या किमतीत आले असते, पण हूड काढून फिरणाऱ्या गाडीत ते एका पावसाळ्यात फुगतात. सेटसाठी या जीपच्या डॅशबोर्डला खाच नाही, कधी नव्हतीच. आजचा सेट १८० बाय ५० मिलिमीटरच्या मापाचा असतो. तोसुद्धा डॅशबोर्डखाली पत्र्याच्या छोट्या खोक्यात टांगलाय. चार बोल्ट काढले की सगळं खाली येतं आणि गाडी पुन्हा १९७२ ची होते.

आता वायरिंगच्या बिलाबद्दल.

डॅशबोर्डमागे हात घातला तेव्हा जुन्या वायरचं कापडी आवरण बोटांना भुग्यासारखं लागलं. मध्ये कुणीतरी हॉर्नसाठी, कुणीतरी फॉगलॅम्पसाठी जोड दिलेले. नुसते पिळून टेप गुंडाळलेली, टेपचा डिंक वितळून काळा चिकटा झालेला. एक वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या, पत्र्यातून रबरी ग्रोमेटशिवाय गेलेली, आणि पत्र्याच्या धारेनं तिची तांब्याची तार उघडी पडलेली. त्या वायरला कुठेही फ्यूज नव्हता. दिवे लावून मीटर धरला तर बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि डॅशबोर्डमागे ११ च्याही खाली. याचे फोटो त्याच संध्याकाळी तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवले, खर्चाचा आकडा लिहिला, तुम्ही ‘करा’ म्हणालात, मगच काम पुढे गेलं. ते मेसेज माझ्याकडे आहेत, तुमच्याकडेही असतील. जे जास्तीचे दिवस लागले ते याच कामाला.

सेट नुसता त्या जुन्या वायरला जोडून गाडी दुसऱ्या दिवशी दिली असती तर तुम्ही खूश होऊन गेला असतात. पेट्रोल टाकी या जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, साहेब. उघडी वायर, फ्यूज नाही, आणि वर तुम्ही बसलेले. मला तेवढी एक गोष्ट पुरेशी होती.

म्हणून बॅटरीपासून सेटसाठी स्वतंत्र वायर ओढली आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवला. फ्यूज सेटजवळ ठेवला तर सेट वाचतो, पण बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर घासून शॉर्ट झाली तर तिला कोण वाचवणार? अर्थिंगसाठी रंग खरवडून पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, वायरच्या टोकाला धातूचं थिंबल दाबून बसवलं, वरून ग्रीस. जुन्या जीपमध्ये दिवे मंद होणं, हॉर्न चिरकणं, सेट मध्येच बंद पडणं, यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ गंजलेल्या अर्थिंगमध्ये असतं.

रेडिओतल्या किरकिरीवरही वेळ गेला, त्याचा तुम्ही उल्लेख केला नाहीत, कारण ती आता येत नाही. पेट्रोल इंजिनाच्या प्लगमध्ये ठिणगी पडते तशी ती रेडिओत टकटक करते, आणि ॲक्सिलरेटर दाबला की टकटक वाढते. रेझिस्टर प्लग घातले, इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या डायनॅमोला कंडेन्सर लावला आणि बॉनेटपासून बॉडीपर्यंत विणलेली तांब्याची पट्टी जोडली. ही युक्ती काही माझी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विलीज जीपांना वायरलेस नीट चालावा म्हणून अशाच पट्ट्या लावत, आणि ज्या गाडीला हा बंदोबस्त केलेला असे तिच्या बॉनेटवरच्या नंबरच्या शेवटी इंग्रजी ‘एस’ रंगवत. तुमच्या जीपची आजीच ती. तिच्यासाठी जे केलं ते हिच्यासाठी केलं, याचं मला मनापासून समाधान आहे.

राहिली बॅटरी. तुम्ही तुमच्याच रिव्ह्यूत लिहिलंय की धरणाकाठी मुक्कामाला रात्री उशिरापर्यंत गाणी चालू होती. इंजिन बंद असताना सेट आणि स्पीकर मोठ्या आवाजात पाचेक अँपिअर घेतात असं धरा, शिवाय तंबूसाठी लावलेला दिवा. पाच तासांत साठ अँपिअर-अवरच्या बॅटरीतली निम्म्याच्या आसपास वीज गेली, आणि पहाटेच्या गारठ्यात स्टार्टरला ओढ लागते ती सगळ्यात जास्त. दुसऱ्या दिवशी घाटातून सावकाश आलात तरी बॅटरी भरत नाही, कारण तुमच्या गाडीला अजून मूळचा डायनॅमो आहे. आजच्या गाड्यांत डायनॅमोच्या जागी असतो तो अल्टरनेटर संथ चालीतही थोडंफार चार्जिंग देतो. डायनॅमो संथ चालीत जवळजवळ काहीच देत नाही, आणि दिवे लावले की दिलेलंही तिकडेच जातं. हजार वॅटच्या अँपला, म्हणजे ॲम्प्लिफायरला, मी नाही म्हटलं तेही याच हिशेबानं. १२ व्होल्टला हजार वॅट म्हणजे ८० अँपिअरच्या वर. तुमचा डायनॅमो पूर्ण वेगात असतानाही त्याच्या निम्म्याला पुरा पडणार नाही.

सेटची पिवळी वायर मेमरीसाठी कायम बॅटरीवर असते, ती काही मिलिअँपिअरच घेते. लाल वायर किल्लीवर आहे. गाडी उभी असताना सेटने बॅटरी उतरवलेली नाही, हे तुम्ही गाडी आणलीत तर मीटर लावून तुमच्यासमोर दाखवतो.

तुम्हाला बेस हवाय, ही मागणी चुकीची नाही. गाणं गाण्यासारखं ऐकू यावं असं कुणाला वाटणार नाही? त्याला रस्ता आहे. पुढच्या डाव्या सीटमागे मावेल अशी एक छोटी बंद पेटी, तिच्यात आठ इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा स्पीकर, आणि त्याला खरे शंभर वॅट देणारा छोटा अँप. ‘खरे’ म्हणतो, कारण खोक्यावर लिहिलेले मोठे आकडे क्षणभराचे असतात. तुमच्या सेटवर ‘पन्नास गुणिले चार’ छापलंय आणि तो सलग देतो प्रत्येक स्पीकरला वीस-बावीस वॅट. पेटी सीटच्याच बोल्टवर धरता येईल, एकही नवं भोक न पाडता. गाडी उभी असताना आणि चाळीसच्या वेगापर्यंत फरक चांगला जाणवेल. सत्तरला, हूड उघडं असताना, तोही वाऱ्यात जाईल, हे आधीच सांगून ठेवतो. मुक्कामाला रात्रभर गाणी हवी असतील तर त्यासाठी वेगळी दुसरी बॅटरी आणि मध्ये दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा आयसोलेटर घ्या, म्हणजे स्टार्टरची बॅटरी शाबूत राहील.

पेटी, सबवूफर आणि अँपचे पैसे लागतील. बसवण्याची मजुरी मी घेणार नाही. अल्टरनेटर घालायचा विचार असेल तर तेव्हाच बोलू. तो मूळच्या ब्रॅकेटवर बसवता येतो, पण काढलेला डायनॅमो ग्रीस लावून, गुंडाळून घरी जपून ठेवा, भंगारात देऊ नका.

रविवारी दुकान बंद असतं, बाकी कुठल्याही दिवशी सकाळी अकराच्या आत या, म्हणजे दिवसाउजेडी काम संपेल. मधल्या काळात दुसरीकडे कुठे मागचा पत्रा कापून द्यायला कुणी तयार झालं, तर ग्राइंडर चालू करायच्या आधी मला एक फोन करा.